पाठमोरा माणूस आणि गुलाबी डोंगर

माझं नाव नीलाबाई. शिक्षण चौथी. त्यातही चौथीच्या परीक्षेला गोवर निघाला, म्हणून तिसरीच धरा. पण नांदेडच्या शरणनगरात कुणालाही विचारून बघा, "इथली गुप्तहेर कोण?" माणूस आधी इकडंतिकडं बघेल, आवाज बारीक करील आणि मग माझ्या खिडकीकडं बोट दाखवील. आवाज बारीक कशाला? कारण त्याला माहीत असतं, मी ऐकून राहिले.

पोलिसांकडं कुत्री असतात, कॅमेरे असतात, जीप असते. माझ्याकडं एक खिडकी, एक चष्मा आणि एक सून आहे. एवढ्या सामानावर मी ही गल्ली सांभाळते. दोरीवर सासूचं लुगडं एका टोकाला आणि सुनेचा गाऊन दुसऱ्या टोकाला वाळत असला, की त्या घरात अबोला आहे हे मी चहा पिता पिता सांगते. कुकरच्या शिट्ट्यांवरून पाहुणे मोजते. चुकते का? चुकते. मागं समोरच्या अयोध्याबाईंच्या घरी शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायला लागल्या, तेव्हा "गुपचूप साखरपुडा उरकून राहिले" असं मी सगळ्या गल्लीला सांगितलं. लोक नटूनथटून आहेर घेऊन गेले. कुकरचं रबर गेलं होतं. पण खरं सांगू का, चूक रबराची होती.

मंजुश्री माझी सून आणि मदतनीस. बी.एस्सी. झालेली. ती वाचते, मी विचार करते. अशी वाटणी असली की घरात शांतता राहते. तिचं म्हणणं वेगळं आहे, पण ही हकीकत मी सांगून राहिले, ती नाही.

राहिले आमचे मालक, माणिकप्पा. जन्म उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेला, आता आम्ही दोघं मुलाकडं, उमाशंकरकडं, नांदेडला असतो. बोलणं कमी. लग्न झाल्यापासून रस्त्यानं मी पुढं आणि ते मागं; बाजार असो, देऊळ असो, की कुणाची मयत असो. कुणीतरी रस्ता दाखवायला पाहिजे ना! तपासाच्या कामात मी त्यांना कधीच घेतलं नाही. हा माणूस हेरगिरीच्या उपयोगाचा नाही, असं माझं पक्कं मत होतं. हे मत जरा ध्यानात ठेवा.

तर झालं असं. उन्हाळ्यात सरहद्दीवर तणाव होता. टीव्हीवर सारखे भोंगे वाजायचे. खरा कोणता आणि वाहिनीवाल्यांचा कोणता, काही कळायचं नाही. आमच्या सभागृहात पोलीस ठाण्याच्या फौजदार मॅडमचं भाषण ठेवलं होतं. मागं मोठा फलक : 'समाजमाध्यमं आणि देशाची सुरक्षा'. मी पहिल्या रांगेत. मॅडम म्हणाल्या, "आताची लढाई नुसती बंदुकीची राहिली नाही. शत्रू आपल्या माणसांत भीती पेरतो, एकमेकांवर संशय घ्यायला लावतो, आणि ते काम आपल्याच फोनवरून करून घेतो. काही आलं की आधी विचारा : हे कुणी काढलं, कधी काढलं, कुठं काढलं."

मी हात वर केला. "मॅडम, शत्रू गल्लीत शिरला तर ओळखायचा कसा?"

"आजी, तो गल्लीत येत नाही. फोनमधून येतो. आणि येताना आपल्या ओळखीच्या माणसाचं तोंड घेऊन येतो."

मी अशी जोरात मान डोलावली की आंबाडा सुटला. समोसा खाल्ला आणि घरी येऊन फोनमधली एकूण एक तोंडं तपासली. माझ्या धाकट्या जावेचा फोटो मला पहिल्यापासूनच संशयास्पद वाटत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, कॉलनीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला.

मंजुश्रीनं मला दाखवला. आधी लाल अक्षरं. ती तिनं वाचली : "लातूर जिल्ह्यातलं उदगीर रिकामं केलं! लोक शेतात लपले! रात्री आगी! टीव्हीवाले दाखवणार नाहीत, तुम्ही पुढं पाठवा!" मग चित्र. उदगीरचा आमचा चौक. दिवसाढवळ्या सगळी शटरं खाली. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं खुशाल झोपलेलं. एक माणूस पाठमोरा, धोतर, डोक्याला मफलर, खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेली गोल वस्तू, लगबगीनं चाललेला. मग एकदम तिन्हीसांजा, आणि लांब शेतांमधून आगीचे लोळ फिरत होते. वर भोंगा. आणि सगळ्या वेळ, उजव्या कोपऱ्यात, काहीतरी गुलाबी, फुगीर, डोंगरासारखं.

उदगीर म्हणजे माझं सासर! त्या चौकात माझ्या दिराचं, शिवलिंगचं, किराणा दुकान आहे. चौक मी शटरांवरून ओळखला.

मी लगेच शिवलिंगला फोन लावला.

"शिवलिंग, कुठं हायेस?"

"दुकानात की, वहिनी."

"दुकान उघडं हाय?"

"बंद दुकानात बसून काय करू?"

"चौकात माणसं हायेत का?"

"लई हायेत. सुट्ट्या हायेत ना. का वो?"

इथं साध्या बाईनं फोन ठेवला असता. मी गुप्तहेर. मी आवाज खाली आणला. "शिवलिंग, तुझ्याजवळ कुणी उभं राहून हे बोलायला लावून राहिलं का? तसं असंल तर बोलू नको. नुसता खोक."

तिकडं शिवलिंग खोकला. चांगला दणकून खोकला.

"मंजुश्री," मी फोन छातीशी धरून म्हटलं, "त्यांनी आपल्या शिवलिंगला धरलंय."

"आत्या, त्यांच्या दुकानात मिरच्या असतात. ते बारा महिने खोकतात."

"ते बारा महिने खोकतेत हे शत्रूलाही माहीत हाय," मी म्हटलं. बी.एस्सी.ला एवढं खोल शिकवत नाहीत.

गल्लीत तोवर धावपळ उडाली होती. अयोध्याबाईंनी घरातली भांडी भरून घेतली, मग बादल्या भरल्या, मग नातवाची खेळण्यातली बोट भरली. ग्रुपचे प्रमुख अंगदराव, वीजखात्यातून निवृत्त झालेले, यांनी हुकूम सोडला : सगळ्यांनी गाड्यांच्या टाक्या फुल करा. त्यांच्याकडं सायकल आहे. मी मेणबत्त्यांचा अख्खा पुडा आणवला आणि दार लावून तपासाला बसले.

"पुन्हा लाव," मी म्हटलं. "थांबव. हा माणूस बघ."

"पाठमोरा आहे, आत्या."

"पाठमोरा का? ज्याचं मन साफ असतंय, तो तोंड दाखवून चालतंय. आणि चाल बघ. डावा पाय वढतोय. गोळी लागलेली हाय."

"गुडघेदुखी असेल."

"गुडघेदुखीचा माणूस एवढं ओझं घेऊन पळंल का? आता खांद्यावरची वस्तू बघ. गोल. वजनदार. हिसका बसू नये म्हणून घोंगडीत गुंडाळलेली. काय आसंल?"

मंजुश्रीनं माझ्याकडं बघितलं. "भोपळा?"

"बॉम्ब, मंजुश्री."

"पण आत्या, एवढ्या उन्हाळ्यात याच्या डोक्याला मफलर कशाला? नांदेडात इथं पंख्याखाली जीव चाललाय."

"आत्ता कशी बोललीस! तोंड लपवायला!"

पोरीनं अगदी नेमकं बोट ठेवलं होतं, आणि मी ते बोट उचलून भलत्याच जागी ठेवलं. माझ्या तपासाची ही पद्धतच आहे : मदतनिसानं पुरावा आणायचा आणि मी तो वाया घालवायचा.

राहिला गुलाबी डोंगर. त्यावर मी लई डोकं चालवलं. आधी वाटलं, क्षेपणास्त्राचं टोक. मग वाटलं, फुगा. फुग्यातून टेहळणी करतेत असं टीव्हीवर बघितलं होतं. शेवटी तो कधी मोठा होतो, कधी बारीक होतो, हे माझ्या ध्यानात आलं, आणि मी मांडी थोपटून जाहीर केलं, "ही खूण हाय. टोळीची. प्रत्येक टोळी आपल्या कामावर खूण सोडतीय."

"पण व्हिडिओ बनवला कुणी?" मंजुश्री म्हणाली. "मॅडमनी तेच विचारायला सांगितलं होतं ना?"

कुणी? मी छताकडं बघितलं. आणि छताकडं बघितल्यामुळंच सगळा घोटाळा झाला, कारण आमच्या छताच्या वर विशाखा राहते.

विशाखा आमची भाडेकरू. अर्धापूरची पोरगी. बाप केळीच्या गाड्या भरायला जातो. हिनं पहाटे उठून मैदानावर धावून धावून पोलीस भरतीची परीक्षा काढली होती. निवड झाली होती, आता फक्त चारित्र्य पडताळणी बाकी. तोवर रिकामं कशाला बसायचं म्हणून साडीच्या दुकानांचे व्हिडिओ बनवून द्यायची. कापायचे, जोडायचे, गाणं घालायचं, अक्षरं घालायची. मला फोन वापरायला तिनंच शिकवला. फोटो कसा काढायचा, व्हिडिओ कसा काढायचा, आणि एकदाच दाबून सगळ्यांना कसा पाठवायचा. लई जीव होता माझा तिच्यावर. पण गुप्तहेराला जीव बाजूला ठेवावा लागतो.

गल्लीत व्हिडिओ कापता-जोडता येणारं माणूस एकच. लाल अक्षरं घालता येणारं माणूस एकच. आणि ती खाली आली की पावलांचा आवाज येत नाही! (चपला ती दारात काढते, म्हणून. हे मला नंतर सुचलं.)

मी ग्रुपवर तोंडानं बोलून संदेश टाकला. लिहिण्यापेक्षा बोलणं मला बरं पडतं. "मी नीलाबाई बोलून राहिले. व्हिडिओ कुणी केला ते मला कळलेलं हाय. आमच्या वर राहतीय ती विशाखा. ती असले व्हिडिओ करतीय. बाकीचं तुम्ही समजून घ्या."

मंजुश्रीनं माझ्या हातातून फोन ओढायला बघितलं, पण मी दाबून मोकळी झाले होते.

लोकांनी समजून घेतलं. थोड्याच वेळात अंगदराव चार माणसं घेऊन दारात हजर. "नीलाबाई, तुमच्यामुळं देश वाचला. आम्ही तक्रार द्यायला ठाण्यात चाललो. तुमचा आवाज पुरावा म्हणून जोडतो."

विशाखा जिन्यात उभी होती. तिनं ग्रुप बघितला होता. माझ्याजवळ आली आणि आवाज न चढवता म्हणाली, "अव्वा, मी हा व्हिडिओ केला असं तुम्हाला खरंच वाटतं?"

गल्लीतली पोरं मला अव्वा, म्हणजे आई, म्हणतात, पण ती म्हणायची तेव्हा आपल्या पोटची पोर म्हणते असं वाटायचं. मी चष्मा पुसायला लागले.

"तक्रार नोंदली गेली ना अव्वा, तर पडताळणीत तेच पहिलं निघेल. दोन वर्षं धावलेय मी. बाबांनी अख्ख्या गावाला पेढे वाटलेत."

"खरं असंल तर निघंल बाहेर," मी म्हटलं. मला पाणी प्यायचं होतं, पण बोलले ते हे. मोठ्या माणसाचा रुबाब असा असतो. एकदा पुढं टाकलेला पाय मागं घेता येत नाही, मग तो दुसऱ्याच्या छातीवर पडला तरी.

"मी पण येते ठाण्यात," विशाखा अंगदरावांना म्हणाली. "मी लपणार नाही." आणि ती त्यांच्या पुढं होऊन चालायला लागली.

घर एकदम रिकामं वाटलं. मंजुश्री माझ्याशी बोलेना. तिनं स्वयंपाकघरात भांडी अशी आपटली की शेजारच्या गुप्तहेराला कळलं असतं, या घरात अबोला आहे.

या गडबडीनं माणिकप्पांची दुपारची झोप मोडली. कपाळावरचा भस्माचा पट्टा गादीला पुसलेला, तसेच बाहेर आले. "काय गोंधळ हाय?"

"तुम्हाला कळायचं न्हाई," मी म्हटलं.

"बाबा, हे बघा," म्हणून मंजुश्रीनं रागारागात फोन त्यांच्या हातात दिला. तोवर हा व्हिडिओ सगळ्या गल्लीनं बघितला होता. त्यांना कुणी दाखवलाच नव्हता.

माणिकप्पांनी फोन लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला. शांतपणे बघितलं. भोंगा वाजला तशी तोंड वाकडं केलं. मग म्हणाले, "हे माझं धोतर हाय."

"कुठलं?"

"ह्या माणसाच्या अंगावरचं. तूच नीळ जास्त घातलीस, म्हणून असं ढगावानी दिसून राहिलं. मफलर उमाशंकरनं आणलेला. आणि खांद्यावर आंबिलीचं मडकं. अगं, ही येळवस हाय."

लातूरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. ऐन थंडीतल्या अवसेला आमच्या भागात सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, पूजा करायची, ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे खायचे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील प्यायची, शेजारच्या शेतातल्याला हाका मारून जेवायला बसवायचं. अंधार पडताना पेटता चूड घेऊन शेताला फेरी मारायची. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं. उदगीर रिकामं असतं हे उदगीरच्या पोरासोरांना माहीत आहे. पण रिकामं उदगीर डोळ्यांनी बघितलंय कुणी? बघणारे सगळे शेतात! म्हणून तर जो तो बघून घाबरला.

"पण मग बघितलं कुणी? काढलं कुणी?" मंजुश्री म्हणाली.

माणिकप्पांनी माझ्याकडं बघितलं. "येळवशीला आम्हाला उशीर झाला. ही धपाट्यांचा डबा घरी विसरली, म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. परत निघताना मला म्हणली, तुम्ही व्हा पुढं, मी जरा आपल्या गावाचा व्हिडिओ काढते. सगळ्या पाहुण्यांना दाखवते."

मी त्यांच्या हातातला फोन ओढून घेतला.

सगळं आठवलं. उन्हात फोनचा पडदा काळा दिसत होता, मी अंदाजानंच धरला होता. "बघा बघा, येळवशीला आमचं उदगीर कसं झालंय," असं वर ठणकावून बोलले होते. संध्याकाळी चुडांचाही काढला. विशाखानं शिकवल्याप्रमाणं एकदाच दाबलं आणि फोनमधल्या एकूण एक माणसाला पाठवून दिला. नंतर स्वतः तो कधी बघितला नाही. आपणच काढलेलं काय बघायचं?

"पण तुम्हाला तुमचा नवरा ओळखू आला नाही?" मंजुश्रीनं विचारलं.

"कसा येईल?" मी म्हटलं. "एवढा संसार झाला, मी यांची पाठ कधी बघितलीय? मी पुढं असते."

माणिकप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

मग मी गुलाबी डोंगराकडं बघितलं. मग माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडं बघितलं. पुन्हा डोंगराकडं बघितलं. टोळी सापडली होती.

"चपला कुठं हायेत माझ्या?" मी ओरडले. "रिक्षा बोलवा!"

ठाण्यात पोचलो तर अंगदराव मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून भाषण देत होते. विशाखा भिंतीशी ताठ उभी होती, भरतीच्या मैदानात उभी राहते तशी. मॅडमच्या हातात अंगदरावांचा फोन होता आणि फोनमधून माझाच आवाज येत होता : "बाकीचं तुम्ही समजून घ्या."

"थांबवा ते!" मी दारातूनच म्हटलं. "आरोपी मी हाय."

मॅडमनी मान वर केली. "शरणनगरच्या आजी ना? पहिल्या रांगेतल्या? आंबाडा सुटलेल्या?"

"तीच. आणि हा मफलरवाला."

मी सगळं सांगितलं. येळवस, धपाटे, आंबील, अंगठा. अंगदरावांना पटेना. म्हणाले, "मॅडम, भाडेकरूला वाचवायला यजमानांना पुढं करून राहिल्या. असला पाठमोरा म्हातारा कुणाचाही असू शकतो."

"चालवून दाखवते मी," असं म्हणून मी माणिकप्पांना धरून आणलं. मडकं नव्हतं, म्हणून एका हवालदाराचं हेल्मेट अंगदरावांच्या पंच्यात गुंडाळून त्यांच्या खांद्यावर दिलं. "चाला. दाराकडं तोंड करून. येळवशीला चालला तसं."

माणिकप्पा निघाले. डावा पाय ओढत, मान किंचित वाकडी, एक हात मडक्याला. व्हिडिओतला माणूस जसाच्या तसा चालत गेला. अंगदराव फोनकडं बघत होते, माणसाकडं बघत होते, पुन्हा फोनकडं. त्यांच्या बरोबरचा एकजण तेवढ्यात आपला फोन काढून उभा राहिला, पण तेव्हा माझं तिकडं ध्यान नव्हतं. मी पहिल्यांदा माझ्या नवऱ्याची पाठ बघत होते. पाठ वाकलीय हो. धोतराला नीळ पण जास्त झालीय.

"पटलं," मॅडम म्हणाल्या. "आता थांबा म्हणा त्यांना."

पण तोवर ते दाराबाहेर पडले होते. आमच्या माणसाला चाला म्हटलं की तो चालतो. हवालदार पळत गेला आणि त्यांना रस्त्यावरून हेल्मेटसकट परत घेऊन आला.

मग अंगठा. मॅडमनी व्हिडिओ थांबवला आणि म्हणाल्या, "आजी, दाखवा." मी फोनशेजारी अंगठा धरला. नखाशेजारी तव्याचा जुना डाग आहे माझ्या, डोंगरावर पण तोच डाग. मी सही करणारी बाई. बँकेत, दवाखान्यात, मतदानाला, कुठंही अंगठा दिला नाही कधी. पोलीस ठाण्यात मात्र द्यावा लागला.

"पण मॅडम," मी म्हटलं, "लाल अक्षरं माझी न्हाईत. भोंगा माझा न्हाई. ते कुणी घातलं?"

"ते शोधायला वरच्या कचेरीत कळवते मी. पण जिथून आलं तो माणूस लांब कुठंतरी बसलेला असणार. त्यानं उदगीर कधी बघितलं पण नसेल." मॅडमनी फोन टेबलावर ठेवला. "त्याचं यात काय आहे सांगा? बाजार तुमचा, आग तुमची, माणूस तुमचा. पुढं पाठवणारे हात पण तुमचेच. त्यानं फक्त तुमचा आवाज काढून टाकला आणि तिथं भोंगा घातला. आणि शेवटी धरलं कुणाला? तुमच्याच पोरीला."

मला खाली बघावं लागलं. ही माझी सवय नाही, म्हणून मान दुखली.

अंगदरावांनी तक्रार मागं घेतली. मॅडम विशाखाला म्हणाल्या, "कुठं काही नोंदलेलं नाही. पडताळणीचा कागद माझ्याकडूनच पुढं जायचा आहे. जा घरी."

विशाखा इतका वेळ ताठ होती, ती आता रडली. मी तिच्यासमोर गेले. माफी हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही, पहिल्यापासून. मी म्हटलं, "तू मला सगळ्यांना कसं पाठवायचं ते शिकवलंस. कसं पाठवायचं न्हाई, ते शिकवायचं राहिलं बघ."

"अव्वा!" मंजुश्री मागून ओरडली. एरवी ती आत्या म्हणते.

"बरं बरं," मी म्हटलं. "चुकलं माझं. पोरी, लई चुकलं."

"रबराची चूक नाही ना या वेळी?" विशाखानं डोळे पुसत विचारलं.

"न्हाई. कुकरच फुटला."

घरी येऊन मी ग्रुपवर बोलले : व्हिडिओ येळवशीचा आहे, मी काढलेला आहे, विशाखाचा काही संबंध नाही. मग वाट बघितली. अयोध्याबाईंनी त्याखाली गुलाबाचं फूल टाकलं आणि 'शुभ संध्या' लिहिलं. बाकी कुणी ऐकलं पण नाही. मी केलेला आरोप मात्र तोवर परभणीपर्यंत जाऊन आला होता. शेवटी दुसऱ्या दिवशी मी चपला घातल्या आणि दारोदार गेले. खोटं मी बसल्या जागी अंगठ्यानं पाठवलं होतं. खरं पायानं न्यावं लागलं. घरोघरी चहा घ्यावा लागला, आणि घरोघरी तोच एक प्रश्न : "पण नीलाबाई, नवरा कसा ओळखू आला नाही?"

संध्याकाळी शिवलिंगचा उदगीरहून फोन आला. घाबराघुबरा.

"वहिनी, खरं सांगा. दादाला पकडलं का?"

"कुणी?"

"इथं व्हिडिओ फिरून राहिला. नांदेडच्या ठाण्यातून म्हातारा अतिरेकी खांद्यावर बॉम्ब घेऊन पळाला, हवालदारानं धरला. वर भोंगा हाय. चाल तर हुबेहूब दादाची!"

"अरे, ते घरीच हायेत. रस पिऊन राहिले."

तिकडं शिवलिंगनं आवाज खाली आणला. "वहिनी, तुमच्याजवळ कुणी उभं हाय का? तसं असंल तर बोलू नका. नुसतं खोका."

मी तोंड दाबून धरलं. दिवसभराच्या चहानं घसा धरला होता, आणि मला इतका खोकला येत होता की डोळ्यांतून पाणी आलं; पण खोकले नाही.

तपास मी आता बंद केलाय. खिडकीत बसते, पण नुसती हवेला. एक नेम मात्र बदलला. रस्त्यानं आता ते पुढं आणि मी मागं. पाठ ओळखून ठेवलेली बरी. पुन्हा कधी भोंग्यासकट समोर आली, तर ही आमची, असं म्हणता यायला पाहिजे. अडचण एवढीच आहे की पुढं चालायची त्यांना सवय नाही. थोडं चालतेत, थांबतेत आणि मागं वळून मला विचारतेत, "अगं, आता कुणीकडं?"